दाराची फाईल

माझ्या आईला कुणी विचारलं, तुमची प्रतिभा कशी आहे, तर ती म्हणते, "लय संशयी हाय. आईच्या हातचं पानीबी हुंगून पिते." यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. नाशिकशेजारी मखमलाबादला आमचा शेवंतीचा मळा. लहानपणी आईबरोबर बाजारात बसायचे, तेव्हा व्यापाऱ्याचा काटा आला की पारड्याखालून हात फिरवून बघायचं काम माझ्याकडे असायचं. एकदा तिथे चिकटवलेला चुंबक माझ्या बोटांना लागला. तेव्हापासून मी कुठल्याही गोष्टीची खालची बाजू बघितल्याशिवाय वरची मान्य करत नाही.

अशा बाईला कंपनीचा सर्व्हर सांभाळायला देणं हा समाधानशेठचा एकमेव शहाणा निर्णय, असं मी म्हणते. आमची कंपनी अंबडला. पुठ्ठा कापून खोकी तयार करणारी मशीनं आम्ही बनवतो. द्राक्षांची खोकी, औषधांची खोकी, ज्याला जी हवीत ती. मशीन लोखंडाचं असलं तरी ते चालतं प्रोग्रॅमवर. पातं कधी फिरायचं, पुठ्ठा कधी सरकायचा, दार कधी उघडायचं, हे सगळं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं आणि ते प्रोग्रॅम माझ्या सर्व्हरवर असतात. ज्याला एखाद्या फायलीवर काम करायचंय, तो तिची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. मूळ फायलीला लगेच त्याच्या नावाचं लॉक लागतं. लॉक असेपर्यंत बाकीच्यांनी ती फाईल नुसती बघायची, बदलायची नाही. काम संपलं की बदललेली प्रत सर्व्हरवर चढवायची आणि लॉक सोडायचं. इतकं सोपं.

पण आमच्या लोकांनी त्या लॉकचा एसटीतला रुमाल करून टाकला. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की सीट आपली. तशी फाईल उतरवून ठेवली की काम आपलं. मग महिनोन्महिने तिच्यात एक अक्षर बदललं नाही तरी चालतं. मिटिंगमध्ये शेठनी विचारलं की "लॉक माझ्याकडे आहे, काम चालू आहे" असं छाती काढून सांगता येतं. शेठना लॉकमधलं काही कळत नाही, पण लॉक म्हणजे काम हे त्यांना पटलेलं होतं.

आणि एका सोमवारी सकाळी सगळ्यांचे रुमाल गायब झाले. ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरच्या फायली नाहीशा, लॉकं उघडी. ऑफिसात एकच गिल्ला झाला. व्हायरस आला म्हणून एकाने कॉम्प्युटरचा प्लगच काढला. मी सर्व्हरकडे धावणार, इतक्यात तनय उभा राहिला. कानातली ती पांढरी बोंडं काढत म्हणाला, "सॉरी, मी सांगायला हवं होतं. शनिवारी मी क्लीन-अप चालवला."

तनय आमच्याकडचा सगळ्यात नवा. कॉलेज रोडला राहतो. पुण्याच्या नोकरीतून कपातीत निघाला होता, नंतर दोन वर्षं घरी बसून होता, मग आमच्याकडे प्रोबेशनवर लागला. लागला तेव्हा त्याच्या आईने ऑफिसला पेढे पाठवले होते. महिनाअखेरीला त्याला कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं. मुलगा हुशार होता. पण मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, कारण मी मागून गेले की तो स्क्रीन खाली करायचा आणि फोन आला की पार्किंगमध्ये जाऊन बोलायचा.

"क्लीन-अप म्हणजे?" मी विचारलं.

"मॅडम, प्रत्येकाकडची प्रत सर्व्हरवरच्या मूळ फायलीशी ताडून बघायची. एक अक्षरही बदललेलं नसेल तर ती प्रत काढून टाकायची आणि लॉक सोडायचं. बदल असेल तर हातही लावायचा नाही. म्हणजे कुणाचं काही जात नाही. नुसती अडवून ठेवलेली जागा मोकळी होते."

हे ऐकल्यावर गिल्ला जो थांबला, तो मला अजून आठवतो. माझी फाईल गेली असं ओरडणं म्हणजे मी तिच्यात काहीच केलेलं नव्हतं असं कबूल करणं, हे एकेकाच्या डोक्यात शिरत गेलं. ज्याने प्लग काढला होता, त्याने तो गुपचूप परत लावला. मला हसू आवरेना. पाच मिनिटांत सगळे आपापल्या जागेवर, जसं काही झालंच नव्हतं.

फक्त गायधनी सर उभे राहिले. शामसुंदर गायधनी. शेठच्या वडिलांच्या काळापासून कंपनीत, आणि निवृत्ती तोंडावर आलेली. पंचवटीत त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची पूजा सांगायचं काम. यांनी मात्र मशीनशी लग्न लावलं. मला प्रोग्रॅम वाचायला त्यांनी शिकवलं, तेही एकदासुद्धा आवाज न चढवता. ते खाली बघत म्हणाले, "माझी दाराची फाईल गेली. दोन महिन्यांचं काम होतं."

सरांचा शब्द म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द. सगळ्या माना तनयकडे वळल्या.

दाराची फाईल म्हणजे साधीसुधी नव्हती. एका मोठ्या ग्राहकाचं मशीन शेडमध्ये तयार उभं होतं आणि त्याच्या दाराच्या प्रोग्रॅममध्ये काही बदल हवा होता. त्या बदलापायी मशीन अडून होतं आणि शेठ रोज सरांना विचारत होते. सर रोज सांगत होते, काम चालू आहे. शेठना बातमी कळली तेव्हा ते केबिनमधून असे बाहेर आले की दार आपटून परत उघडलं.

"कोणी सांगितलं होतं तुला साफसफाई करायला?"

"सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, त्या लॉकचं काहीतरी कर म्हणून..."

"मी? मी असं म्हणेन?" शेठनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले होते. माझ्या समोर म्हणाले होते. पण कुणी बोललं नाही, आणि मीही नाही. सगळं कळल्याशिवाय मी कुणाची बाजू घेत नाही. शेठ माझ्याकडे वळले. "प्रतिभाताई, बॅकअप काढा, शोधा. याने चुकून केलं की मुद्दाम, ते मला शुक्रवारी सांगा. मुद्दाम असेल तर हा शुक्रवारीच घरी जाईल, आणि का गेला ते विचारणाऱ्याला मी नीट सांगेन."

तनयचा चेहरा पांढराफटक पडला. अशा शेऱ्यानंतर नाशिकमध्ये त्याला कुणी दारात उभं केलं नसतं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

खरं सांगते, मी शोधायला बसले ती तो गुन्हेगार आहे असं धरूनच. क्लीन-अपच्या नोंदीत सरांच्या फायलीसमोर लिहिलं होतं: फरक नाही, काढली. पण ती नोंद लिहिणारा प्रोग्रॅमही तनयचाच. चोराने लिहिलेला पंचनामा कोण खरा मानेल? म्हणून मी स्वतः एक फाईल उतरवली, तिच्यात एक पूर्णविराम घातला आणि त्याचा क्लीन-अप चालवला. फाईल जागेवर राहिली. पूर्णविराम काढून पुन्हा चालवला. फाईल गेली. बारा प्रकारांनी करून बघितलं असेल. काटा बरोबर होता.

मग बॅकअप. आमचा सर्व्हर रोज संध्याकाळी ऑफिस सुटताना सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरच्या फायलींची प्रत काढून ठेवतो. शुक्रवारची प्रत काढली आणि मूळ फायलीशी लावून बघितली. फरक नाही. गुरुवारची, फरक नाही. त्याआधीच्याही सगळ्या तशाच. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण या वेळी ती तनयवरून नव्हती. दोन महिन्यांचं काम, आणि एक अक्षर बदललेलं नाही?

पहिल्यांदा मी मनालाच रागावले. सर खोटं बोलणार नाहीत. तनयने बॅकअपमध्येही हात घातला असेल, तेवढी अक्कल त्याला आहे. पण बॅकअपची चावी माझ्याकडे, आणि माझ्या पर्समधून ती काढायला माझी आईसुद्धा धजत नाही. मग राहिलं एकच. सरांनी काही केलंच नव्हतं. दोन महिने रुमाल टाकून बसले होते, बाकीच्यांसारखेच. मला इतकं वाईट वाटलं की दुपारचा डबा तसाच राहिला.

डबा तसाच राहिला म्हणून मी जागेवर होते, आणि जागेवर होते म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसलं की दुपारचा बॅकअप सुरू झालाय. सगळे जेवायला गेले की सर्व्हर एक छोटी प्रत काढतो, ती आठवडाभर राहते आणि पुसली जाते. तिचा कधी उपयोग पडत नाही, म्हणून ती लक्षातच नव्हती. मी गेल्या आठवड्याच्या दुपारच्या प्रती उघडल्या.

दुपारच्या प्रत्येक प्रतीत दाराची फाईल बदललेली होती.

रोज सकाळी बदललेली, रोज संध्याकाळी परत जशीच्या तशी. एक दिवस सोडून नाही. आता मात्र माझं डोकं सुसाट सुटलं. सकाळी करायचं आणि संध्याकाळी पुसायचं, म्हणजे नक्कीच काहीतरी पाणी मुरतंय. सर हा बदल परस्पर ग्राहकाला विकणार असतील? की निवृत्तीनंतर दुसऱ्या कंपनीत जाण्याची तयारी चाललीय, आणि तोवर शेठना लटकत ठेवलंय? पंचवटीतल्या भल्या माणसाचा मी मनातल्या मनात पक्का दरोडेखोर करून टाकला. तो बदल नक्की काय आहे, हे वाचायचं मला सगळ्यात शेवटी सुचलं.

बदल एका ओळीचा होता. दार उघडण्याआधी पातं थांबण्याची वाट बघायची, अशी एक ओळ होती. ती काढलेली होती.

मी सरांना शेडमध्ये गाठलं. ते त्या तयार मशीनपाशी उभे होते, रोज दुपारी उभे असतात तसे. मी सरळच विचारलं, "सर, सकाळी बदलता आणि संध्याकाळी पुसता. हा काय प्रकार आहे?"

ते दचकले. मग नाकारायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. म्हणाले, "तुझ्यापासून काही लपत नाही, हे मी विसरलो."

त्यांनी मशीन चालू केलं, पातं वेगात आल्यावर बंद केलं, आणि मला दाराची मूठ ओढायला सांगितली. दार हललं नाही. काचेतून दिसत होतं, मोटर बंद होऊनही पातं आपल्याच वेगाने फिरत होतं. सावकाश ते मंदावलं, थांबलं, खट्‌ आवाज झाला, आणि मग दार माझ्या हातात आलं.

"पुठ्ठा अडकला की ग्राहकाकडच्या बाया आत हात घालून तो ओढून काढतात," सर म्हणाले. "दर वेळी एवढं थांबावं लागतं, म्हणून त्यांचा माल कमी निघतो. त्यांनी शेठना सांगितलं, थांबणं काढून टाका. शेठनी मला सांगितलं. मी रोज सकाळी येतो आणि काढतो. म्हणतो, आज चढवून टाकू, सुटू. आणि संध्याकाळी मला ते हात दिसायला लागतात गं. मग ओळ परत घालतो. लॉक माझ्या नावावर होतं, तोवर दुसऱ्या कुणाला ती काढता येत नव्हती."

"मग शेठना नाही म्हणायचं!"

"नाही म्हणता येत असतं तर दोन महिने हे केलं असतं का?" ते ओशाळं हसले. "या कंपनीत मी कधी नाही म्हटलेलं नाही. ना त्यांच्या वडिलांना, ना यांना. कसं म्हणतात, तेच माहीत नाही."

मला त्यांची कीव आली आणि लगेच संतापही आला. "आणि तो पोरगा? त्याची नोकरी जातेय, सर. तुमच्या एका वाक्यामुळे."

"मी खोटं बोललो नाही. दोन महिन्यांचं काम होतंच." मग त्यांचा आवाज खाली गेला. "तू शुक्रवारी एवढंच म्हण, की काही नक्की कळत नाही. म्हणजे त्याच्यावरही येणार नाही आणि..."

"शेठना नक्की कळलं नाही तर ते कुणाला काढतील? तुम्हाला?"

ते परत मशीनकडे वळले. मी तिथून निघाले तेव्हा मला रडू येत होतं. ज्या माणसाने मला शिकवलं, तो भित्रा निघाला. आणि तोच भित्रा दोन महिने एकटा त्या दाराला पाठ लावून उभा होता. कुठल्या सरांवर रागवायचं, हे मला ठरवता येईना.

शुक्रवारी केबिनमध्ये आम्ही चौघं. शेठ, सर, तनय, मी. तनयने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी काही लपवलं नाही. म्हटलं, क्लीन-अपने बदललेली एकही फाईल काढलेली नाही, मी स्वतः तपासलंय. तनयने चूक केलेली नाही. आणि लॉकचं काहीतरी कर असं तुम्ही त्याला म्हणाला होतात, मी तिथे होते. सरांची फाईल बदललेली नव्हती, म्हणून गेली. आणि ती बदललेली नव्हती हेच बरं आहे, कारण ती ओळ काढली तर कुणाचा तरी हात जाईल.

शेठ सरांकडे वळले. "दोन महिने मला रोज सांगत होतात, काम चालू आहे."

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"बरं. तनय, तू सुटलास. एका ओळीचं काम आहे. आज करून देशील?"

तनयने माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. त्याच्या कपाळावर घाम होता. "सर... मॅडम म्हणतात तसं असेल तर... नको, सर. मी नाही करणार."

मी चाटच पडले. दोन वर्षं घरी बसलेला मुलगा, प्रोबेशनवरचा, आणि जे सरांना उभ्या आयुष्यात जमलं नाही ते बोलून मोकळा झाला.

"मग तूही उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाले.

तेव्हा सर उठले. टेबलाचा आधार घेऊन उठले. "शेठ, त्याला काढू नका. नाही मी म्हणायला हवं होतं. मी म्हणतो. दार उघडणार नाही. आणि कुणाला काढायचंच असेल तर मला काढा."

मला वाटलं, आता शेठ नरमतील. इतक्या वर्षांचा माणूस. वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसलेला.

"ठीक आहे," शेठ म्हणाले. "सोमवारपासून विश्रांती घ्या."

एवढंच. ज्याला सर जन्मभर घाबरले, ते एका वाक्यात उरकलं. सरांनी मान हलवली, चष्म्याची डबी खिशात टाकली आणि बाहेर गेले. शेठनी तनयला बसायची खूण केली. दोघंही गेले तर मशीनं कोण बघणार, एवढा हिशेब त्यांनाही येत होता. "फाईल आहे तशी राहील. झालं समाधान? प्रतिभाताई, तुम्ही रोज बघत जा, कुणी हात लावला का."

इतक्या सहज? मला ते तेव्हाच खटकलं.

पुढचे काही दिवस मी रोज बघत होते. दाराची फाईल सर्व्हरवर जशीच्या तशी. लॉक नाही, बदल नाही. शेठ येता-जाता विचारायचे, "काय प्रतिभाताई, फाईल ठीक ना?" आणि हसायचे. शेठ हसले की माझ्या अंगावर काटा येतो. सर्व्हर कुठे ठेवलाय हेही ज्यांना धड माहीत नाही, त्यांना रोज एकाच फायलीची काळजी का पडावी? जो माणूस तुम्हाला एकाच जागी बघायला लावतो, त्याला तुम्ही दुसरीकडे बघायला नको असता. त्यातच कळलं की तनयचं कायम झाल्याचं पत्र टाईप होतंय. महिना संपायच्याही आधी. तनय मात्र खूश दिसत नव्हता. माझ्यासमोर यायचं टाळत होता, आणि आता तो स्क्रीनही खाली करत नव्हता. नुसता बसून असायचा.

ज्या दिवशी ते मशीन जायचं होतं, त्या सकाळी मी सर्व्हरकडे गेलेच नाही. सरळ शेडमध्ये गेले. गेटपाशी ट्रक लागला होता, हमाल चहा पीत होते. मी मशीन चालू केलं, पातं वेगात येऊ दिलं, बंद केलं आणि मूठ ओढली.

दार लगेच उघडलं. आत पातं फिरत होतं. त्याचा वारा माझ्या मनगटाला लागला.

मी लाल बटण दाबलं, मशीनची किल्ली काढून घेतली आणि ट्रकवाल्याला सांगितलं, अजून वेळ आहे, चहा घे. मग तनयला फोन करून खाली बोलावलं. तो आला तो उघडं दार बघूनच थबकला. मी काही विचारायच्या आत तो बोलायला लागला. शेठनी त्याला घरी बोलावलं होतं. म्हणाले होते, फायलीला हात लावू नको, लॅपटॉपवरून केबल लावून थेट मशीनमध्ये बदल. सर्व्हरवर काही दिसणार नाही.

"म्हणाले, मॅडम फक्त फाईल बघतात."

ते खरं होतं, म्हणून फार झोंबलं. माझ्या संशयावर शेठचा माझ्याहून जास्त विश्वास होता. मी नक्की कुठे बघेन हे त्यांना माहीत होतं, आणि मी रोज तिथेच बघत होते.

"गायधनी सर तुझ्यासाठी गेले, तनय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, हमाल बघायला लागले होते, आणि मला त्याची पर्वा नव्हती. "तू नाही म्हणालास म्हणून त्यांना नाही म्हणायला सुचलं. आणि तू घरी जाऊन हे केलंस?"

तो मान खाली घालून उभा होता. आपल्या आईला त्याने कायम झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं, असं काहीतरी पुटपुटला. मला त्याची दया आली. पण दार तसंच उघडं होतं.

"लॅपटॉप आण," मी म्हटलं. "सर्व्हरवरून मूळ फाईल घे आणि परत टाक. आत्ता. मी इथे उभी आहे, दार पुन्हा पात्यासाठी थांबायला लागेपर्यंत हे मशीन हलणार नाही."

"शेठना कळेल."

"कळणारच. मीच सांगणार आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. "माझी नोकरी जाईल, मॅडम."

माझी राहील असं मलाही वाटत नव्हतं. काहीतरी धीराचं बोलावं असं फार मनात आलं, पण ते खरं झालं नसतं.

"जाईल," मी म्हटलं.

त्याने डोळे पुसले. मग वर जाऊन लॅपटॉप घेऊन आला, मशीनशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला, आणि त्याने केबल लावली.